पंचेचाळीसवर वाजलेली रेकॉर्ड

कांजूरमार्ग (पूर्व)
रविवार, ११ मे १९८६

ती. सहदेवदादास,

दत्तारामचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण ती म्हणते गुडघ्यापेक्षा जास्त मीच कुरकुरतो. तुम्ही दोघंही बरी असाल. मीरावहिनींना मी अजून पाहिलेलं नाही, तरी माझा नमस्कार सांग. लग्नाला आमच्यापैकी कुणी आलं नाही याची लाज वाटते, एवढं लिहून पुढे जातो.

कांजूरमार्गहून तुझ्याकडे माहुलला यायला बसने तास-सव्वा तास लागतो. तरी मी पोस्टात जाऊन आंतरदेशीय आणलं, यावरून काय ते समज. समोरासमोर बसलो असतो तर मी हवापाण्यावर घसरलो असतो आणि चहा पिऊन परत आलो असतो.

झालं असं. मागच्या रविवारी आईने पापडाचा मोठा डबा काढायला मला पोटमाळ्यावर चढवलं. डब्यामागे तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. सोडलं तर तुझी रेकॉर्ड. कव्हरवर ते पाण्यात उभं असलेलं दार, घर नाही, भिंत नाही, नुसतं दार. तू गेलास त्याच आठवड्यात आबांनी तुझ्या सगळ्या इंग्रजी रेकॉर्डी रद्दीवाल्याला दिल्या होत्या. ही एक राहिली कशी, म्हणून मी खाली येऊन आईला विचारलं.

"फेकूक मन झाला नाय. त्येची वस्तू ती."

"पाच वर्षां लपवलंस?"

"आणि तू काय लपवणस नाय?" असं म्हणून ती तांदूळ निवडत राहिली.

तुझा प्लेअरही आबांनी तेव्हाच विकला, आता आपल्याकडे वाजवायला यंत्र नाही. पण पलीकडच्या चाळीतला धोंडिराम तुला आठवत असेल, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला आणि आपल्या गणपतीला सारख्याच जोराने लाऊडस्पीकर लावणारा. त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे. पहिल्या पाळीवरून सुटलो आणि रेकॉर्ड पिशवीत घालून त्याच्या खोलीवर गेलो. त्याने सुई टेकवली. सुरुवातीला नुसता पाण्याचा आवाज. धोंडिराम म्हणाला, "खराब आहे यार, काढू?" मी म्हटलं, थांब जरा.

मग पेटीसारखं, पण पेटीहून दांडगं काहीतरी सुरू झालं. मी सवयीने मांडीवर मात्रा मोजायला लागलो. चारात बसेना. आठातही बसेना. पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि माझा हात मांडीवरच राहिला. सात मात्रा, दादा. तीन, दोन, दोन. आपला रूपक. फरक एवढाच की रूपकात आपण सम हलकी ठेवतो, आणि हा गोरा नेमका तिथेच हाणतो. हे कमी म्हणून की काय, त्यांचा ढोलवाला मधूनच चारात शिरला. पेटी सातात, ढोल चारात, दोघं जणू ओळखच नसल्यासारखे आपापल्या वाटेने चालले आणि अठ्ठावीस मात्रांनी बरोबर एका जागी येऊन आदळले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडिराम माझ्याकडे बघून म्हणाला, "काय रे, कोण गेलं?"

अख्ख्या बाजूला एकच गाणं. पंधरा मिनिटं. गाणारी बाईही काय चढ्या पट्टीत गाते. आणि हातांचा वेग तर माणसाचा वाटत नाही. लेबलवर साल १९७३ आहे, म्हणजे आपण गावच्या शाळेत पाढे म्हणत होतो तेव्हा ही माणसं हे वाजवून मोकळी झाली होती, आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही. तुला ठाऊक होतं. तू मला ऐकवायला बघायचास आणि मी आबांच्या भीतीने बाहेर पळायचो.

आता दुसरी बातमी. यंदा गणपतीत भांडुपच्या दशरथबुवांशी आपल्या मंडळाची डबलबारी ठरली आहे. वहिनी घाटावरच्या, त्यांना माहीत नसेल म्हणून लिहितो: समोरासमोर दोन भजनी मंडळं, दोन बुवा, आलटून पालटून भजनं, एकमेकांना टोमणे, आणि शेवटी गजर. पंच नसतात. मंडप ज्याच्या बाजूने उठतो तो जिंकतो. पाच वर्षांपूर्वी याच दशरथबुवांसमोर ऐन गजरात आपला ताल मोडला. त्यांनी आबांकडे बघत माइकवर सांगितलं की काशीरामबुवांच्या पोराला इंग्रजी भूत लागलंय. मंडप हसला. तू पखवाजाला नमस्कार करून उठलास. घरी आबा म्हणाले, या रेकॉर्डी राहतील किंवा तू राहशील. तेव्हापासून घरात तुझं नाव कुणी घेत नाही.

सहदेवचा ठेका सुटला, असं सगळे म्हणतात.

तू गेल्यावर मी झांज ठेवली आणि पखवाजावर बसलो. जागा तुझी आहे. यंदा हरलो तर आबा पेटी बंद करणार आहेत, तसं त्यांनी मंडळाला सांगितलंय. गिरणी गेली तेव्हा ते एवढे खचले नव्हते. मला हरायचं नाही. ही रेकॉर्ड ऐकताना तू मात्रा कशा धरायचास, ते कळव. उत्तर आलं नाही तरी मी पुन्हा लिहीनच.

तुझा,
दत्ताराम


कांजूरमार्ग (पूर्व)
रविवार, २० जुलै १९८६

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पहिलाच शब्द 'गाढवा'. मी कार्ड खिशात घालून दिवसभर कारखान्यात हिंडलो. धोंडिरामला वाचून दाखवलं तेच इथे उतरवतो, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुलाही कळेल: "गाढवा, गाणारी बाई नाही, बाप्या आहे. गाणं एकवीस मिनिटांचं आहे. धोंडिरामला सांग, पंचेचाळीसवरून काढून तेहतीसवर लाव."

धोंडिराम चूक मानायला तयार नव्हता. तो म्हणे, लग्नात लागणाऱ्या सगळ्या रेकॉर्डी छोट्या, त्या पंचेचाळीसवरच चालतात, बटण गंजून तिथेच बसलंय, आपल्याला काय ठाऊक मोठी तबकडी हळू फिरते. मग रॉकेल टाकून बटण सैल केलं. तेहतीसवर लावलं, आणि बाई गेली. तिच्या जागी एक दमलेला, भल्या आवाजाचा माणूस आला. सगळं सावकाश झालं. जागा दिसायला लागल्या. मला हे जास्त आवडलं, पण आम्ही दोघं अर्धा तास हसत होतो, कारण तोपर्यंत माझी वाट लागलेली होती. दोन महिने मी त्या पळत्या वेगाने सात मात्रांचा रियाज करत होतो. गोऱ्याला जमतं ते मला का जमू नये, या हट्टाने बोटं सोलून घेतली. तो गोरा एवढ्या वेगाने कधी वाजवतच नव्हता. आता मला तेहतीसवर वाजवायला सांगितलं तर हात आपोआप पुढे धावतो.

आबांचं सांगायचं राहिलं. गेल्या शनिवारी दुपारी धोंडिरामने स्पीकर तपासायला म्हणून तीच रेकॉर्ड मोठ्याने लावली. सगळी चाळ दणाणली. आबा दळण घेऊन येत होते. धोंडिरामच्या दाराशी डबा खाली ठेवून उभे राहिले. मी आत होतो. त्यांच्या डाव्या हाताची बोटं धोतरावर हलत होती.

"सात आसत," ते म्हणाले. मग, "सम जड टाकता."

"होय, आबा."

"कोण रे वाजवणारो?"

"गोरो आसा."

"आसांदे. हात बरो आसा." असं म्हणून ते बाजू संपेपर्यंत तसेच उभे राहिले, आणि घरी आल्यावर आपणहून म्हणाले की गजरात टाळ आठात ठेवायचे, पखवाजाने सातात जायचं, साती आठी छप्पन्न, छप्पन्नाव्या मात्रेला दोघं संपले की सम एकत्र पडेल. कुणाचा पाय घसरला तर मात्र सगळा गाडा उलटेल. मी म्हटलं, उलटणार नाही. किती वेगाने नेशील, म्हणाले. मी वाजवून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग विचारलं, ही तबकडी खंयसून इली.

मी सांगितलं, धोंडिरामची आहे. पुन्हा खोटं बोललो. 'पुन्हा' हा शब्द हातून पडला, खोडत नाही. त्या बारीत तुझ्या उजव्या हाताला झांजेवर मी होतो, हे तू विसरला नसशील. मीही विसरलो नाही. पुढे लिहायला बसलो की शाई सुकते.

आईने कुर्ल्याच्या सुकटाची पुडी बांधून ठेवली आहे. कुणाबरोबर पाठवायची ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ताराम


कांजूरमार्ग (पूर्व)
मंगळवार, २३ सप्टेंबर १९८६

प्रिय दादा,

आपण जिंकलो. नमस्कार-चमत्कार नंतर.

बारी गणपतीतल्या रविवारी दुपारी चारला सुरू झाली. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. भांडुपचे लोक ट्रक करून आले होते. दशरथबुवा जरीचा फेटा घालून बसले होते, आबा त्यांच्या नेहमीच्या टोपीत. अभंग बरोबरीत गेले. गौळणीत ते थोडे पुढे गेले, खोटं कशाला बोलू, त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. मग गजराची पाळी आपली आली. मी पखवाजाला कणीक लावत होतो, आणि दशरथबुवांनी माइक हातात घेतला.

"काशीरामबुवा, तुमचो एक झील ठेको सोडून पळालो. आता ह्यो खंय पळतलो?"

मंडप हसला. अगदी त्या वर्षीसारखा. आबांचे हात पेटीवर होते, ते तसेच राहिले. टोमण्याला टोमणा देणं हे बुवाचं काम, आणि आबा त्यात कुणाला ऐकत नाहीत, हे तुला सांगायला नको. पण तुझ्यावरून कुणी बोललं की त्यांच्याकडे उत्तरच नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. पाच वर्षं मला वाटत होतं की त्यांना राग आहे.

डबलबारीत माइक बुवाचा. पखवाजवाल्याने त्याला हात लावायचा नसतो. मी लावला. कणकेने माखलेल्या हाताने आबांच्या समोरचा माइक ओढला आणि बोललो. शब्दाला शब्द लिहितो, कारण मंडपातल्या हजार माणसांनी ऐकलं ते तू सगळ्यांच्या शेवटी ऐकतो आहेस.

"माझो भाव पळाक नाय. त्या वर्षी पखवाज चुकलो नाय, झांज चुकली. झांज माझ्या हातात होती."

आता तुझ्यासाठी बाकीचं. मी सतरा वर्षांचा होतो आणि बायकांच्या बाजूला बघत होतो. कुणाकडे ते विचारू नकोस, ती आता डोंबिवलीला दोन पोरांची आई आहे. तेवढ्यात माझी झांज एक मात्रा आधी पडली. टाळकरी झांजेवर भरवसा ठेवून चालतात, ते सगळे माझ्यामागे आले. तू एकटा बरोबर होतास. तू तसाच वाजवत राहिला असतास तर मंडपाला दिसलं असतं की दत्ता चुकलाय. तू तसं केलं नाहीस. मला सावरायला तू तुझा ठेका सोडून माझ्याकडे आलास, आणि नेमका त्याच वेळी मी घाबरून मागे सरलो. त्यात सगळं मोडलं, आणि दिसलं असं की पखवाज भरकटला. दशरथबुवांनी भुताचं काढलं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मी झांजेची दोरी बोटाला गुंडाळत बसलो. तू उठलास.

घरी आबा रेकॉर्डींवरून बोलत होते तेव्हाही मी दाराआड होतो. तेव्हाही बोललो नाही. आईला माहीत होतं. कसं, ते मला माहीत नाही.

हे मी तुला आधीच्या दोन पत्रांत लिहायला हवं होतं, आणि आधी तुला सांगून मग जगाला सांगायला हवं होतं. उलटं झालं. पण दादा, खोटं मी मांडवात केलं होतं, मग खरंही मांडवातच बाहेर पडलं, त्याला माझा इलाज नव्हता.

मी पखवाजाला नमस्कार करून उठायला लागलो, कारण ज्याचा ताल चुकतो त्याने उठायचं, ही आपली रीत. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी माझा सदरा मागून धरून मला खाली बसवलं, माइक स्वतःकडे ओढला, पेटीवर सूर धरला आणि एवढंच म्हणाले, "सातात घे."

मी घेतलं. टाळ आठात, मी सातात. पहिल्या छप्पन्नाला फक्त पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या माना हलल्या. बाकीच्यांना वाटलं, झालं, गेला हाही. दुसऱ्या छप्पन्नाला सगळे पुन्हा एका जागी आदळले तेव्हा मागून शिट्टी आली. मग आबांनी वेग वाढवला. आणखी वाढवला. आता पंचेचाळीसवर, दादा, धोंडिरामच्या गंजलेल्या बटणावर. दशरथबुवांचा पखवाजवाला मांडीवर मोजत होता, त्याचं बोट मध्येच थांबलं आणि तो नुसता बघत बसला. तिसऱ्या छप्पन्नाला अख्खा मंडप हाताने मात्रा मोजत होता आणि सम पडली तेव्हा माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. धोंडिराम स्पीकरच्या खोक्यावर चढून नाचत होता. टाळकऱ्यांपैकी एकाचाही हात घसरला नाही. माझाही नाही. मला त्या वेळी भीती वाटलीच नाही. लपवायला काही उरलं नव्हतं, हात मोकळा झाला होता, आणि मी आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलेलं नाही. हे मीच म्हणतो, कारण तू तिथे नव्हतास.

दशरथबुवा माणूस मोठा. फेटा सावरत आपल्या बाजूला चालत आले, आबांच्या ओंजळीत नारळ ठेवला आणि विचारलं, "बुवा, हात कोणी शिकवल्यान?"

आबांनी माइक घेतला. मला वाटलं, स्वतःचं नाव सांगतील, ती रीत आहे. आबा म्हणाले, "माझ्या थोरल्या झिलान शिकवल्यान. सहदेवान."

पाच वर्षांनी तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं, ते चार भोंग्यांतून निघालं. भांडुपपर्यंत गेलं असेल.

घरी आल्यावर मात्र माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. ते मला मान्य आहे, कमीच झालं. पाचव्या दिवशी मी रेकॉर्ड त्यांच्यासमोर ठेवली आणि सांगितलं की ही धोंडिरामची नाही. त्यांनी कव्हर हातात धरून उलटसुलट पाहिलं. दुपारी स्वतः धोंडिरामकडे गेले, तेहतीसवर लावायला सांगितली आणि दोन्ही बाजू पुऱ्या ऐकल्या. परतल्यावर आईला म्हणाले, "बरा आसा. लांबवतत जरा." मग भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले की बाकीच्या रद्दीत घातल्या त्या फार होत्या काय रे. मी म्हटलं, बावीस.

काल मंडळाची बैठक झाली. जुनी माणसं म्हणाली, बुवा, आता सहदेवाला निरोप धाडा, येऊन पाया पडेल, झालं गेलं विसरू. मुलाने यायचं, बापाने आधी जायचं नसतं. आबा म्हणाले, "बोलणारो मी. मगे जाणारो पण मीच."

तेव्हा येत्या रविवारी, अठ्ठावीस तारखेला, आबा माहुलला तुझ्याकडे येत आहेत. सकाळी दहापर्यंत पोचतील. आई सोबत आहे, सुकट घेऊन. मी येत नाही. आबा म्हणाले, चल, पण मी म्हटलं, आधी तुम्ही जा. तू बोलावलंस तर मी त्यानंतर येईन, नाही बोलावलंस तर तेही बरोबर असेल. पखवाजाची जागा मी मंडळाला सांगून रिकामी केली आहे. झांज पुन्हा घेतली आहे. आता समोर बघून वाजवतो.

एक विनंती. आबा आयुष्यभर माइकवर बोलत आले, पण तुझ्या दारात आल्यावर त्यांना पहिलं वाक्य सुचणार नाही. ते हवापाण्यावर घसरतील. मी त्यांचाच मुलगा आहे, मला माहीत आहे. तेव्हा पहिलं वाक्य तू बोल. काहीही चालेल, शिवीसुद्धा. बोलायला मला पाच वर्षं लागली, त्यांचं वय आता तेवढं थांबण्यासारखं नाही.

वहिनींना नमस्कार. त्यांना सांग, सासरे येत आहेत.

ज्याची झांज चुकली तो,
तुझा धाकटा भाऊ,
दत्ताराम